रेष शेवटी ओढायची: वाढत्या डिस्ट्रिक्टमध्ये शाळांच्या हद्दी नव्याने आखताना

अमेरिकेत सरकारी शाळेत जाणारं मूल कोणत्या इमारतीत बसणार, हे बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरतं. देशात सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, आहेत आणि आपापल्या शाळांच्या हद्दी ती स्वतःच आखतात. वस्ती स्थिर असेल तर या रेषा वीस-वीस वर्षं कोणाच्या ध्यानीमनीही नसतात. पण व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत १ लाख ७० हजारांच्या आत होती आणि २०२० मध्ये ती ४ लाख २० हजारांवर गेली. अशा ठिकाणी नव्या शाळा उघडत राहतात आणि प्रत्येक नव्या शाळेबरोबर आजूबाजूच्या चार-पाच शाळांच्या हद्दी हलतात.

हा लेख डिस्ट्रिक्टच्या नियोजन विभागात काम करणाऱ्यांसाठी आहे. हद्दींचे पर्याय सुचवणाऱ्या हद्द समितीवर नाव दिलेल्या आणि पहिल्या बैठकीला काय विचारावं असा प्रश्न पडलेल्या पालकांनाही तो उपयोगी पडेल. समित्यांची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच संध्याकाळी भिंतीवर नकाशा लावून मार्कर हातात घेणं. रेष ओढणं हे या कामातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत शेवटचं पाऊल आहे. तिच्याआधीची आकडेमोड कच्ची राहिली तर कितीही देखणी रेष दोन वर्षांत पुन्हा पुसावी लागते, आणि त्याच मुलांना पुन्हा शाळा बदलावी लागते.

तारखा उलट्या मोजा

नवी हद्द ऑगस्टमध्ये लागू व्हायची असेल तर बोर्डाचा, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या शाळा मंडळाचा, अंतिम ठराव जानेवारीअखेर झालेला हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिक्षकांच्या जागा ठरतात, किंडरगार्टनची (पहिलीच्या आधीच्या वर्गाची) नोंदणी उघडते, पुढच्या वर्षाचे बसमार्ग आखायला घेतात. ठराव मार्चवर गेला की ही तिन्ही कामं जुन्या हद्दीवर सुरू होतात आणि मग उन्हाळाभर दुरुस्त्या चालतात. ठराव जानेवारीत म्हणजे जाहीर सुनावण्या डिसेंबर-जानेवारीत, पर्याय लोकांसमोर नोव्हेंबरात आणि समितीचं काम सप्टेंबरपासून.

यात एक अडचण आहे. त्या वर्षाची अधिकृत पटसंख्या अनेक राज्यांत सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पक्की होते, म्हणजे समिती बसते तेव्हा हाती असतात ते गेल्या वर्षीचे आकडे. उपाय सोपा आहे. काम जुन्या आकड्यांवर सुरू करायचं, पण नवा पट आला की सगळे तक्ते एकदाच, ठरलेल्या तारखेला बदलायचे, आणि ही तारीख समितीला पहिल्या दिवशीच सांगायची. न सांगता आकडे बदलले की त्यानंतरच्या कोणत्याही आकड्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत.

राहणारी मुलं आणि शिकणारी मुलं

पहिलं प्रत्यक्ष काम म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा पत्ता नकाशावर बिंदू म्हणून बसवणं, म्हणजे जिओकोडिंग. यासाठी काउंटीचा अॅड्रेस पॉइंट थर, म्हणजे प्रत्येक पत्त्याचा नेमका बिंदू असलेला नकाशाचा थर, वापरावा. रस्त्याच्या मध्यरेषेवरून अंदाजाने ठिकाण काढणारी पद्धत कोपऱ्यावरच्या घरांना हमखास चुकीच्या बाजूला टाकते, आणि हद्द नेमकी तिथूनच जात असते. ९९ टक्के पत्ते बसल्याखेरीज पुढे जाऊ नये. जे बसत नाहीत त्यांत साधारण तीन प्रकार सापडतात: पोस्ट बॉक्सचे पत्ते, अपार्टमेंटच्या कार्यालयाचा पत्ता, आणि इतक्या नव्या वसाहती की त्यांचे रस्ते थरात अजून चढलेलेच नाहीत. तिसऱ्या प्रकाराकडे डोळेझाक करू नका. वाढ तिथेच चालली आहे.

मग प्रत्येक शाळेसाठी दोन वेगळे आकडे काढा: हद्दीत राहणारी मुलं आणि प्रत्यक्ष त्या शाळेत बसणारी मुलं. समजा एका एलिमेंटरीच्या (किंडरगार्टन ते पाचवीच्या शाळेच्या) हद्दीत डिस्ट्रिक्टची ६४० मुलं राहतात. त्यांतली ४५ मॅग्नेट शाळेत (खास अभ्यासक्रमाची, हद्दीबाहेरूनही प्रवेश देणारी शाळा) किंवा बदली घेऊन दुसरीकडे जातात, आणि बाहेरची ३० मुलं इथे येतात. वर्गात बसतात ६२५. आता शंभर मुलांची एक वसाहत शेजारच्या शाळेला जोडली, पण त्या शंभरातली १२ आधीच मॅग्नेटला जात असतील, तर गर्दी कमी होते ८८ ने. हा फरक सगळे विसरतात, आणि मग सप्टेंबरात मुख्याध्यापक विचारतात की शंभर मुलं हलवली तरी वर्ग तसेच भरलेले का.

चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) आणि खासगी शाळांतली मुलं डिस्ट्रिक्टच्या यादीत सहसा नसतात. हद्द बदलली की त्यांतली काही परत येतात आणि काही नव्याने तिकडे जातात. यासाठी नेमकं सूत्र नाही, मागच्या फेरबदलात किती टक्के मुलं नेमलेल्या शाळेत खरोखर पोचली तेच पाहायचं.

इमारतीत खरोखर किती मुलं मावतात

वास्तुविशारदाच्या कागदावरची क्षमता आणि चालत्या शाळेची क्षमता यांत मोठं अंतर असतं. उदाहरण घेऊ. इमारतीत ३२ वर्गखोल्या, प्रत्येकी २४ मुलं, म्हणून कागदावर क्षमता ७६८. पण दोन खोल्या संगीत आणि चित्रकलेला, एक इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना, एक वाचनाच्या जादा तासांना, एक प्रीस्कूलला आणि तीन विशेष शिक्षणाच्या स्वतंत्र वर्गांना दिल्या. उरल्या २४ खोल्या, म्हणजे ५७६ मुलं. विशेष वर्गांत प्रत्येकी १० धरली तर आणखी ३०. खरी क्षमता ६०६. सगळं गणित या आकड्यावर चालवायचं, आणि प्रत्येक शाळेसाठी एकच नियम लावायचा. एका शाळेत चित्रकलेची खोली मोजायची आणि दुसरीत नाही, असं झालं तर समितीतला एखादा चौकस पालक ते पहिल्याच आठवड्यात शोधून काढतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

पोर्टेबल वर्ग, म्हणजे अंगणात आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्या, क्षमतेत धरू नयेत. ते आणून ठेवले तरी कॅफेटेरिया, स्वच्छतागृहं, जिम आणि सकाळची गाड्यांची रांग तेवढीच राहते. सहा पोर्टेबल असलेल्या शाळेत पहिल्या तुकडीचं जेवण साडेदहाला सुरू होतं, ते याच कारणाने.

लक्ष्य म्हणून पहिल्या वर्षी वापर, म्हणजे क्षमतेच्या किती टक्के मुलं, ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास आणि पाचव्या वर्षी ९५ च्या आत ठेवणं शहाणपणाचं. वाढीच्या पट्ट्यातली नवी शाळा मात्र ६५ ते ७५ टक्क्यांवर उघडावी. लोक विचारतील की नवी इमारत अर्धवट रिकामी का ठेवता. उत्तर शेजारच्या मोकळ्या जमिनीत आहे: तिथे मंजूर झालेली घरं उभी राहिली की त्या मुलांना तिथेच जागा हवी. नवी शाळा पहिल्याच वर्षी भरून टाकली तर तिसऱ्या वर्षी तिच्याच अंगणात पोर्टेबल येतात.

पाच वर्षांचा अंदाज

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

जुन्या वस्त्यांसाठी इयत्तेगणिक टिकण्याचं गुणोत्तर पुरेसं असतं. गेल्या वर्षी दुसरीत ९६ मुलं होती आणि यंदा तिसरीत १०२ आहेत, तर गुणोत्तर १.०६. गेल्या तीन-चार वर्षांची सरासरी घ्या, अलीकडच्या वर्षाला थोडं जास्त वजन द्या, आणि प्रत्येक इयत्ता तशी पुढे सरकवा. किंडरगार्टनसाठी पाच वर्षांपूर्वीचे जन्म घेतात. बाहेरून येणारी कुटुंबं जिथे भराभर वसतात तिथे हा आधार लंगडा असतो, कारण ती मुलं जन्मलेली असतात दुसऱ्याच काउंटीत. तरी जन्माचे आकडे सोडून देऊ नका. देशभरात २००७ मध्ये सुमारे ४३ लाख जन्म झाले, २०२० मध्ये सुमारे ३६ लाख. घरं वाढत असताना प्रत्येक घरामागची लहान मुलं कमी होत आहेत, आणि दहा वर्षांपूर्वीच्या प्रमाणावर बांधलेले अंदाज फुगतात ते यामुळे.

नव्या घरांसाठी दुसरी पद्धत लागते. डिस्ट्रिक्टमधल्या गेल्या काही वर्षांत बांधलेल्या घरांवर विद्यार्थ्यांचे बिंदू टाकून प्रत्येक प्रकारच्या घरामागे किती मुलं येतात ते मोजा. उदाहरणापुरतं: १,००० स्वतंत्र घरांतून एलिमेंटरीची ४२० मुलं, तर प्रमाण ०.४२, ५०० अपार्टमेंटांतून ६०, तर ०.१२. टाउनहाउसचा (भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांचा) आकडा वेगळा काढा, तो या दोहोंपैकी कोणासारखाच नसतो. हे प्रमाण शेजारच्या काउंटीकडून उसनं आणू नका. घराची किंमत, खोल्यांची संख्या, भाडं या सगळ्यावर ते बदलतं. हिरवळीभोवतीच्या बुटक्या इमारतींतली दोन खोल्यांची जुनी अपार्टमेंट आणि स्टेशनाजवळची एका खोलीची नवी इमारत दोन्ही नोंदीत ‘अपार्टमेंट’च असतात, पण मुलांच्या संख्येत त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

२४० घरांची वसाहत मंजूर झाली म्हणजे ०.४२ ने गुणून १०१ मुलं, पण एकदम नव्हे. बिल्डर वर्षाला ८० घरं देत असेल तर तीन वर्षं. मंजुरीची तारीख धरू नका, बांधकाम परवाना मिळाल्याची आणि राहायला परवानगी मिळाल्याची तारीख धरा. व्याजदर चढले की मंजूर वसाहती कागदावरच राहतात. मार्च २०२२ पासून फेडरल रिझर्व्हने दर वाढवले, त्यानंतर पुष्कळ बिल्डरांची वेळापत्रकं पुढे ढकलली गेली. म्हणून दर तिमाहीला बिल्डरांना आणि काउंटीच्या परवाना विभागाला फोन करून यादी ताजी करणारा एक माणूस नेमलेला हवा.

आता या भागातली सर्वांत महाग चूक. गेल्या चार वर्षांच्या टिकण्याच्या गुणोत्तरात नव्या घरांतून आलेली मुलं आधीच मिसळलेली असतात. ९६ ची १०२ झाली त्यातली सहा कदाचित नव्या वसाहतीतलीच असतील. त्यावर पुन्हा नव्या घरांचं प्रमाण वेगळं मिळवलं तर तीच वाढ दोनदा मोजली जाते. गुणोत्तर फक्त तीन वर्षांहून जुन्या घरांतल्या मुलांवर काढा आणि नव्या घरांची मुलं वेगळी मिळवा, म्हणजे दोन्हींची भेसळ होत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. वसाहती म्हाताऱ्या होतात. नव्या वसाहतीत सुरुवातीला किंडरगार्टन आणि पहिली-दुसरीची गर्दी असते. दहा वर्षांनी त्याच घरांतून हाय स्कूलची मुलं निघतात आणि एलिमेंटरी ओसरते, घरं तेवढीच असूनही. म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्येही जुन्या भागातल्या शाळा रिकाम्या होत असतात. नवी शाळा बांधण्याआधी आणि हद्द आखण्याआधी त्या रिकाम्या बाकांपर्यंत पोचणारी रेष आखता येते का, हे पाहायलाच हवं.

अंदाजाची अचूकता डिस्ट्रिक्टच्या एकूण संख्येला सर्वांत चांगली, एका शाळेला बेताची आणि एका वसाहतीला कमकुवत असते. पाचव्या वर्षी एक पर्याय ९१ टक्के आणि दुसरा ९३ टक्के दाखवत असेल तर त्या दोन टक्क्यांवर निवड करू नका. तेवढी धार त्या आकड्याला नाही.

प्लॅनिंग युनिट: नकाशाच्या विटा

रेषा हलवायच्या त्या छोट्या, आधीच ठरवलेल्या तुकड्यांच्या कडेने. प्रत्येक तुकड्यात साधारण ३० ते ८० एलिमेंटरी मुलं असावीत. त्याहून मोठा तुकडा शाळेचा तोल एकदम बिघडवतो, त्याहून लहान असेल तर त्याचा अंदाज निरर्थक होतो.

जनगणना विभागाचे ब्लॉक फुकट मिळतात, म्हणून तेच विटा म्हणून वापरायचा मोह होतो. पण ब्लॉकच्या कडा बहुधा रस्त्यांच्या मधून जातात. परिणामी एकाच गल्लीतली समोरासमोरची घरं दोन शाळांत विभागली जातात, आणि संध्याकाळी एकत्र सायकल चालवणारी पोरं सकाळी दोन बसथांब्यांवर उभी असतात. शांत निवासी रस्त्यावर हद्द परसातल्या कुंपणांच्या रेषेने न्यावी. मोठा चौपदरी रस्ता, महामार्ग, रेल्वे, ओढा असेल तर मात्र मध्यरेषाच बरी. मोकळी जमीनही कोणत्यातरी तुकड्यात असलीच पाहिजे. आज तिथे मक्याचं शेत असलं तरी उद्या पहिलं कुटुंब राहायला येईल तेव्हा शाळा कोणती, याचं उत्तर तयार हवं.

प्रत्येक तुकड्याला एक रकाना ‘शेवटचा बदल’ असा ठेवा: गेल्या दहा वर्षांत हा भाग कधी आणि कुठून कुठे हलवला गेला. हा रकाना नसेल तर तीच वसाहत तिसऱ्यांदा हलते. आणि ती बहुधा अपार्टमेंटांची असते, कारण तिथे थोड्या जागेत पुष्कळ मुलं मिळतात आणि बैठकीला येऊन बोलणारे पालक कमी. हे कोणी जाणूनबुजून करतं असं नाही. पण रकाना समोर असेल तर कोणाला नकळत करता येत नाही.

कायद्याची कुंपणं

रेष फक्त डिस्ट्रिक्टच्या आतच हलते. १९७४ च्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली या डेट्रॉइटच्या खटल्यापासून, शेजारच्या डिस्ट्रिक्टने स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय न्यायालयही त्याला वांशिक एकीकरणाच्या योजनेत ओढू शकत नाही. काही डिस्ट्रिक्ट अजून जुन्या वर्णभेदविरोधी न्यायालयीन आदेशांखाली आहेत. तिथे न्यायालयाला विचारल्याशिवाय हद्द बदलता येत नाही, म्हणून पहिला फोन वकिलाला. २००७ च्या पॅरेंट्स इन्व्हॉल्व्ह्ड खटल्यात एकेका विद्यार्थ्याला त्याच्या वंशावरून शाळा नेमणं सर्वोच्च न्यायालयाने नाकारलं, मात्र न्यायमूर्ती केनेडी यांनी आपल्या स्वतंत्र मतात वस्त्यांची एकूण रचना ध्यानात घेऊन हद्दी आखायला हरकत नसल्याचं नोंदवलं. १९७४ चाच समान शैक्षणिक संधी कायदा उलट दिशेने लक्ष ठेवतो: घराजवळची शाळा सोडून दूरची नेमल्याने वांशिक विभाजन वाढत असेल तर तो आक्षेपाचा मुद्दा ठरू शकतो.

उत्पन्नाच्या मिश्रणासाठी पूर्वी मोफत किंवा सवलतीच्या जेवणाचे अर्ज मोजत. आता सामुदायिक पात्रता योजनेत शाळेतल्या सगळ्यांनाच मोफत जेवण मिळतं आणि अर्ज गोळाच होत नाहीत. २०२३ मध्ये त्या योजनेसाठी लागणारं गरीब मुलांचं किमान प्रमाण ४० वरून २५ टक्क्यांवर आल्यावर अशा शाळा आणखी वाढल्या. त्यामुळे जेवणाचा आकडा बघून शाळा शंभर टक्के गरीब दिसते. सरकारी मदतीच्या यादीवरून थेट प्रमाणित झालेली मुलं मोजा. टायटल वन, म्हणजे गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा केंद्र सरकारचा निधी, पूर्ण शाळेसाठी वापरायची पात्रता साधारण ४० टक्के गरीब मुलांपासून असते. ४२ वर असलेल्या शाळेतून एक वसाहत काढली की ती ३८ वर येते आणि वाचनाचे जादा शिक्षक धोक्यात येऊ शकतात. हे नकाशावर कुठेच दिसत नाही, म्हणून पर्यायांच्या तक्त्यात त्याची ओळ हवी.

आता रेष

रेषा आखायला बसण्याआधी बोर्डाकडून निकष क्रमाने लिहून घ्या. सगळेच बोर्ड म्हणतात, अंतर कमी हवं, वापर समतोल हवा, वस्त्या अखंड हव्यात, फीडर (एका शाळेतून वरच्या शाळेत जायचे ठरलेले मार्ग) सरळ हवेत, विविधता हवी. हे पाचही एकदम मिळत नाहीत. भांडण होणार ते कुठला आधी यावर, आणि ते भांडण नकाशा येण्याआधी झालेलं बरं. नकाशा आल्यावर प्रत्येकाला आपल्या घराला फायद्याचा निकष पहिला वाटतो.

मग सर्वांत जास्त भरलेल्या शाळेपासून सुरुवात करा. ती समजा ११८ टक्क्यांवर आहे आणि शेजारी जागा असलेली शाळा नाही. अशा वेळी साखळी लागते: पहिल्या शाळेतून दुसऱ्या शाळेत, तिथून तिसऱ्या, तिथून चौथ्या शाळेत, आणि चौथीत जागा. प्रत्येक कडी जास्तीची कुटुंबं हलवते. ११८ च्या शाळेतून १२० मुलं काढण्यासाठी तीन कड्यांत ३६० मुलं हलत असतील, तर दूरच्या पण मोकळ्या शाळेला थेट जोडलेला एक तुकडा तपासून पाहावा. अशी सुटी बेटं नकाशावर कुरूप दिसतात, पण वाढीच्या वसाहतीसाठी, जिथे कुटुंबं अजून राहायलाच आलेली नाहीत, ती रास्त असतात. जी कुटुंबं शाळा बघून घर घेऊन बसली आहेत त्यांना बेटावर टाकण्यापेक्षा न बांधलेल्या घरांना टाकणं सोपं आणि न्याय्यही. नॉर्थ कॅरोलायनाच्या वेक काउंटीत काही भरलेल्या शाळांना पटाची मर्यादा घालतात आणि नव्याने राहायला आलेल्यांना ठरवून दिलेल्या दुसऱ्या शाळेत पाठवतात. बिल्डरच्या जाहिरातीत मात्र जवळचीच शाळा छापलेली असते, म्हणून विक्री कार्यालयाला लेखी कळवा.

फीडर, म्हणजे एका एलिमेंटरीची मुलं कुठल्या मिडलमध्ये (सहावी ते आठवीच्या शाळेत) आणि तिथून कुठल्या हाय स्कूलमध्ये. फूट पूर्ण टाळता येत नाही, पण छोटी फूट टाळा. एका एलिमेंटरीतली १५० मुलं एकीकडे आणि १२ दुसरीकडे गेली, तर त्या बारांचा वर्गमित्रांचा गोतावळाच तुटतो. लहान गट एकूण पाचव्या हिश्श्याहून कमी असेल तर रेष सरकवा. तिन्ही स्तरांच्या हद्दी एकत्र तपासा. एलिमेंटरीची हद्द एक समिती आखते, हाय स्कूलची दोन वर्षांनी दुसरी, आणि मधल्या मध्ये एखादी वसाहत तीन वेगवेगळ्या गटांबरोबर जाते.

नवं हाय स्कूल सहसा नववी-दहावीवर उघडतात. बारावीतल्या मुलांना हलवणं टाळा. खेळाडूंच्या पात्रतेचे नियम राज्याच्या क्रीडा संघटनेचे असतात. हद्दबदलाने झालेली बदली आणि स्वतः मागितलेली बदली यांना ते वेगळे लावले जातात, तेव्हा ठरावाआधीच विचारून घ्या.

बस

चालत येण्याचं अंतर घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत रस्त्याने मोजा, नकाशावरच्या वर्तुळाने नाही. बस नाकारण्याची मर्यादा डिस्ट्रिक्टगणिक एक ते दोन मैलांच्या दरम्यान असते, पण मध्ये वेगवान चौपदरी रस्ता असेल तर अर्ध्या मैलावरच्या मुलांनाही बस द्यावी लागते.

२४ बाकांची बस एका बाकावर तीन धरून ७२ मुलांची म्हणवते. हाय स्कूलच्या मुलांसाठी एका बाकावर दोन, म्हणजे ४८. एलिमेंटरीलाही पाचवीची दप्तरं धरून ५०-५५ वरच नियोजन करा. चालत येणारी ६० मुलं दुसऱ्या शाळेला दिली म्हणजे किमान एक, बहुधा दोन फेऱ्या वाढल्या, आणि त्या दरवर्षीच्या. एकच बस सकाळी हाय स्कूल, मग मिडल, मग एलिमेंटरी अशा तीन फेऱ्या करते. मधली एक फेरी दहा मिनिटांनी लांबली की तिसऱ्या शाळेची घंटा हलवावी लागते. म्हणून प्रत्येक पर्याय वाहतूक विभागाने मार्ग आखून पाहिल्याशिवाय लोकांसमोर नेऊ नये.

जुन्या शाळेत कोणाला राहू द्यायचं

हा निर्णय रेषेइतकाच मोठा आहे आणि बहुधा शेवटच्या बैठकीत घाईने घेतला जातो. समजा किंडरगार्टन ते पाचवीच्या शाळेतून १२० मुलांची वसाहत हलवली, प्रत्येक इयत्तेत २०. पुढच्या वर्षी पाचवीत असणाऱ्यांना राहू दिलं तर २० थांबतात, त्यांची धाकटी भावंडं धरली तर आणखी दहा-बारा. गर्दी पहिल्या वर्षी सुमारे ९० ने कमी होते, दुसऱ्या वर्षी ही सवलत संपते. पण सध्याच्या सगळ्याच मुलांना राहू दिलं तर पहिल्या वर्षी फक्त नवी किंडरगार्टनची २० जातात, दुसऱ्या वर्षी ४०, आणि १२० जायला सहा वर्षं लागतात. तोवर अंदाजच जुना झालेला असतो.

सवलत देताना बस मिळणार की नाही हे त्याच वाक्यात लिहा. बस नसेल तर ती सवलत फक्त गाडी आणि मोकळी सकाळ असलेल्यांनाच मिळते. बस दिली तर एका गल्लीत दोन शाळांच्या बस येतात. पाचवी, आठवी, अकरावी आणि बारावीच्या मुलांना एका वर्षापुरती बससकट सवलत द्यावी आणि भावंडांना द्यायचीच तर त्याच एका वर्षापुरती, असं आमचं मत.

काही मुलांचं राहणं सवलतीत मोडतच नाही. बेघर मुलांना मॅककिनी-व्हेंटो कायद्याने आणि आईवडिलांपासून दूर, सरकारी देखरेखीत (फॉस्टर केअरमध्ये) वाढणाऱ्या मुलांना २०१५ च्या शिक्षण कायद्याने, त्यांच्या हिताचं असेल तर मूळ शाळेतच राहण्याचं संरक्षण आहे. विशेष शिक्षणाचे वर्ग हलवायचे असतील तर प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शिक्षण योजनेतल्या सेवा नव्या इमारतीत पहिल्या दिवसापासून मिळतील याची यादी करून घ्या.

लोकांसमोर

जे राबवता येणार नाही ते कधीही छापू नका. पहिला प्रसिद्ध झालेला नकाशा लोकांच्या मनात ‘खरा’ होतो, आणि नंतरचा प्रत्येक बदल ‘कोणीतरी ओळख लावली’ असा वाचला जातो. दोन किंवा तीन पर्याय एकदम द्या, प्रत्येकासोबत तोच तक्ता: किती मुलं हलतात, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी प्रत्येक शाळेचा वापर, किती चालणारे बसवर जातात, किती फीडर फुटतात, कमी उत्पन्नाचं प्रमाण, आणि गेल्या काही वर्षांत आधीच हललेली किती मुलं पुन्हा हलतात. विद्यार्थ्यांच्या बिंदूंचा नकाशा दाखवू नका. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्याने ती माहिती खासगी आहे, आणि दहाहून कमी मुलांचे रकानेही झाकावेत. समितीच्या बैठकांना खुल्या सभांचे नियम लागू होतात का तेही तपासा, नाहीतर एका ईमेलवरून सगळी प्रक्रिया आव्हानात सापडते.

पर्याय जाहीर झाले की शाळाबदलीचे अर्ज धो-धो येतात. त्यांची शेवटची तारीख नकाशांच्या आधीची ठेवा.

प्रतिक्रियांचा अर्ज पत्त्यावरून प्लॅनिंग युनिटला जोडा. तीनशे पत्रांतली अडीचशे एकाच वसाहतीतली असतील तर ते कळलं पाहिजे, आणि ज्या तुकड्यांतून एकही पत्र नाही तेही. तिथे माणूस पाठवायचा, दुभाषी घेऊन, अपार्टमेंटच्या सभागृहात, संध्याकाळी सातनंतर. पत्रं मतं म्हणून मोजू नका, माहिती म्हणून वाचा: या कोपऱ्यावर पदपथ नाही, त्या ओढ्याला पूर येतो, ही गल्ली पलीकडे उघडतच नाही. मेरीलँडच्या हॉवर्ड काउंटीत २०१९ मध्ये पाच हजारांहून जास्त मुलांच्या शाळा बदलणारी योजना मंजूर झाली, तेव्हा मोर्चे निघाले आणि प्रकरण कोर्टात गेलं. मोठ्या योजनेत हे गृहीत धरूनच कागदपत्रं नीट ठेवावीत.

ठराव आणि त्यानंतर

बोर्डाने नकाशा आणि पत्त्यांची यादी दोन्ही मंजूर करावी, आणि दोहोंत फरक निघाला तर कोणतं ग्राह्य हे ठरावातच लिहावं. रस्त्याची सम-विषम बाजू, गल्लीची टोकं, एका रस्त्याला दोन शहरांत असलेली एकसारखी नावं, चुका इथेच होतात. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून शाळा शोधण्याची सोय नव्या हद्दीवर चालू हवी, सुरू होण्याची तारीख ठळक लिहून. घरविक्रीच्या संकेतस्थळांवर जुनी हद्द महिनोन् महिने दिसत राहते, तिथून आलेले फोन कसे हाताळायचे ते शाळांच्या कार्यालयांना आधी सांगा.

विद्यार्थी-नोंद प्रणालीत बदल करताना सवलत घेतलेल्या मुलांना आधी खूण करा आणि मग बाकीच्यांची शाळा बदला. क्रम उलटला तर ऑगस्टात पाचवीची मुलं चुकीच्या हजेरीपटावर सापडतात.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक शाळेचा प्रत्यक्ष पट आणि अंदाज शेजारी-शेजारी मांडा. फरकाचं कारण प्रत्येक शाळेसमोर एका ओळीत लिहा: घरं उशिरा झाली, सवलत जास्त जणांनी घेतली, चार्टर उघडलं. दरवर्षी हा तक्ता ऑक्टोबरात बोर्डासमोर जावा आणि एखादी शाळा १०५ टक्क्यांवर किंवा ७० च्या खाली सलग दोन वर्षं राहिली तर पुढची हद्द समिती बसेल, असं धोरणातच असावं. त्या समितीला पहिल्या बैठकीत द्यायचा पहिला कागद म्हणजे हाच कारणांचा तक्ता.